एका केबलवर तेरा पत्ते: चॅसिस लावतानाचा माझा अनुभव

ब्लेड चॅसिस, म्हणजे अनेक पातळ सर्व्हर (ब्लेड) एकत्र बसवायची पेटी, रॅकमध्ये चढवून चालू करायला आम्हांला एक दुपार पुरली. त्याच्या कंट्रोलरला, म्हणजे ती पेटी दुरून सांभाळू देणाऱ्या छोट्या संगणकाला, कंपनीच्या नेटवर्कमध्ये जागा मिळवायला पंचवीस दिवस गेले आणि त्यात चवथीची, म्हणजे गणेशचतुर्थीची, सुट्टी हातची गेली. तो राग अजून पुरता उतरलेला नाही. पण असलं चॅसिस कुणी पहिल्यांदाच लावत असेल तर माझे पंचवीस दिवस त्यांच्या वाट्याला येऊ नयेत, म्हणून सगळं लिहून ठेवते आहे.

मी कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याचे सर्व्हर सांभाळते. राहते दिवाडीला. दिवाडीहून जुन्या गोव्याला यायचं तर फेरीबोट, पुढे बाणस्तारीमार्गे कुंडई. रात्री सर्व्हर अडकला तर मी तिथं पोचेपर्यंत किती वेळ जाईल ते माझ्या हातात नसतं. म्हणून घरी बसून मशीन चालू-बंद करता येणं, आतलं तापमान आणि पंखे बघता येणं ही माझ्यासाठी चैन नव्हती. जुने सुटे सर्व्हर बदलायचं ठरलं तेव्हा मी हट्टानं चॅसिस मागितलं ते यासाठीच.

बजेट बेताचं होतं, त्यामुळे वापरलेलं डेल पॉवरएज एम१०००ई घेतलं. हे मॉडेल २००८ साली बाजारात आलेलं. उंची १० यू (यू हे रॅकमधल्या उंचीचं माप), अर्ध्या उंचीचे १६ ब्लेड मावतात, मागे ६ वीजपुरवठे, ९ पंखे आणि दोन मॅनेजमेंट कंट्रोलर. या कंट्रोलरला सीएमसी म्हणतात. शिवाय प्रत्येक ब्लेडच्या पोटात त्याचा स्वतःचा छोटा कंट्रोलर असतो, तो आयड्रॅक. सीएमसी घराचा कारभारी धरला तर आयड्रॅक खोल्याखोल्यांतले. हे दोन स्तर सुरुवातीलाच नीट समजून घ्या. माझं सगळं घोडं अडलं ते हेड ऑफिसला हा फरक समजेपर्यंत.

उचलण्याआधी ब्लेड, वीजपुरवठे आणि पंखे सगळे काढून घ्या. भरलेलं चॅसिस १७५ किलोच्या वर जातं. आम्ही चौघांनी रिकामा सांगाडा चढवला आणि मग एकेक भाग बसवला. वीजपुरवठे २३६० वॅटचे, त्यांना २०० ते २४० व्होल्ट आणि जाड सी१९ टोकाची केबल लागते. संगणकाची नेहमीची केबल त्यात शिरत नाही, हे आमच्या वायरमन काकांना आदल्या दिवशीच सांगितलं होतं, म्हणून १६ अँपिअरचे सॉकेट तयार होते.

आधीच्या मालकानं पासवर्ड बदललेला होता, त्यामुळे डेलकडून येणारं मूळ नाव-पासवर्ड, रूट-कॅल्विन, चाललं नाही. कंट्रोलर बाहेर ओढून त्याच्या बोर्डावरचा पासवर्ड रिसेटचा जंपर (दोन पिना जोडणारी छोटी टोपी) सरकवला, काम झालं. हे करताना दुसरा कंट्रोलर बाहेर काढून ठेवला होता, नाहीतर कारभार त्याच्याकडे जातो आणि आपण काय रिसेट केलं ते कळत नाही. नंतर जंपर परत जागेवर आणा, विसरू नका. मूळ आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, १९२.१६८.०.१२०. लॅपटॉपला त्याच मालिकेतला पत्ता देऊन थेट केबल जोडली आणि चॅसिसचं पान उघडलं. सोळा खणांचं ते चित्र, दहा ब्लेड हिरवे. संध्याकाळचे पाच वाजले होते. काका म्हणाले, "झालें मगे, बाय?" मी म्हटलं, झालं.

झालं नव्हतं.

आमचं नेटवर्क आम्ही चालवत नाही. स्विच, म्हणजे सगळ्या नेटवर्क केबली जिथे येतात ते यंत्र, कुंडईत, पण त्याची चावी मुंबईच्या हेड ऑफिसातल्या नेटवर्क विभागाकडे. नवी कुठलीही वस्तू जोडायची तर अर्ज भरायचा. अर्जात एका ओळीत पाच रकाने: यंत्राचं नाव, मॅक ॲड्रेस (यंत्राच्या नेटवर्क जोडणीचा स्वतःचा क्रमांक), हवा असलेला आयपी, स्विचचा पोर्ट (केबल लावायची जागा) आणि कारण. एक ओळ म्हणजे एक यंत्र, एक पत्ता, एक पोर्ट. प्रिंटर किंवा हजेरीच्या मशीनसाठी अर्ज ठीक आहे. चॅसिससाठी तो पहिल्या ओळीपासून खोटा ठरतो.

कसा ते सांगते. दोन सीएमसी असतात, पण एका वेळी काम करतो एकच, दुसरा तयारीत बसलेला. पहिला बंद पडला, काढला किंवा त्याची केबल निघाली की दुसरा पुढे येतो आणि तोच आयपी स्वतःकडे घेतो. म्हणजे पत्ता एक आणि केबली दोन. मी अर्जात दोन ओळी भरल्या, दोन पोर्ट, आयपी दोन्हीकडे तोच. पाच दिवसांनी अर्ज परत आला. शेरा: "एकच आयपी दोनदा. दुरुस्त करून पाठवा." मी फोन केला, समजावलं. पलीकडचे गृहस्थ शांतपणे म्हणाले, "मॅडम, एका ओळीत एक आयपी. सिस्टीम दुसरं घेत नाही." दुसरा खोटा आयपी लिहून अर्ज पास करून घ्यावा असं क्षणभर वाटलं, पण मग कागदावर एक आणि यंत्रात दुसरं अशी नोंद राहिली असती. तात्पुरती एकच ओळ ठेवून अर्ज पुन्हा पाठवला. आणखी चार दिवस.

मंजुरी आली. केबल लावली, सीएमसी माझ्या टेबलावरून दिसला. मला इतका आनंद झाला की मी घरी फोन करून सांगितलं. पाच मिनिटांत पान गोठलं. मागे जाऊन बघते तर पोर्टचा दिवा विझलेला.

त्यापुढचे दोन दिवस मी चुकीच्या जागी शोधत होते. केबल बदलली, कंट्रोलर अदलाबदल केले, जुनं फर्मवेअर (कंट्रोलरच्या आतलं सॉफ्टवेअर) म्हणून त्यावर संशय घेतला. तिसऱ्या दिवशी सकाळी लॅपटॉप पुन्हा थेट जोडला आणि तासभर तसाच ठेवला. चॅसिस एकदाही डगमगलं नाही. म्हणजे दोष चॅसिसमध्ये नव्हताच. हे मी पहिल्या दिवशी करायला हवं होतं. तुम्ही मात्र दुसरं काहीही बदलण्याआधी हेच करा.

हेड ऑफिसला फोन लावला. उत्तर आलं, "तुमच्या यंत्रातून अनोळखी मॅक ॲड्रेस येत होते, म्हणून पोर्ट बंद झाला. सुरक्षा आहे ती." नियम असा की एका पोर्टवर एकच मॅक ॲड्रेस, दुसरा दिसला की पोर्ट आपोआप बंद. आणि इथेच चॅसिसची रचना आडवी येते. दहा ब्लेडांचे दहा आयड्रॅक बाहेर जातात ते सीएमसीच्याच केबलवरून, कारण चॅसिसच्या पोटात कंट्रोलरचं स्वतःचं अंतर्गत मॅनेजमेंट नेटवर्क असतं. मागच्या दोन स्विच मॉड्यूलांचा कारभारही त्याच वाटेनं. एक सीएमसी, दहा आयड्रॅक, दोन स्विच: एका केबलवर तेरा पत्ते. त्यांच्या स्विचला दुसराच सहन होत नव्हता.

पोर्ट पुन्हा उघडायला वेगळा अर्ज. त्याला तीन कामाचे दिवस. आणि चवथ आली.

चवथीला आमचा कारखाना सलग बंद असतो, वर्षातून एवढी मोठी सवड एकदाच मिळते. जुने सर्व्हर बंद करून सगळं नव्या ब्लेडांवर हलवायचं ते त्या सुट्टीतच, असं मे महिन्यापासून ठरलेलं होतं. मी घरच्यांना सांगून ठेवलं होतं की पहिल्या दिवशी पूजा आणि जेवण झालं की मी कुंडईला जाणार. अर्ज ज्यांच्याकडे होता ते गृहस्थ गावी गेले होते आणि त्यांच्या जागी बसलेल्यांना पोर्ट उघडायचा अधिकार नव्हता. मी गणपतीवर टांगलेल्या माटोळीखाली बसून तीनदा फोन केला. सुट्टी संपली, कारखाना सुरू झाला, चॅसिस तसंच उभं.

सुटलं ते एका चित्रानं. चिडून मी कोऱ्या कागदावर चॅसिस काढलं: मोठा चौकोन, आत एक छोटा स्विच, त्या स्विचला दहा रेघा, बाहेर दोन केबली. खाली लिहिलं, "हे एक यंत्र नाही. याच्या आतच स्विच आहे. कृपया याला स्विच समजून पोर्ट द्या." फोटो काढून थेट विभागप्रमुखांना पाठवला. त्यांचा दहा मिनिटांत फोन आला. वयानं मोठे असावेत. म्हणाले, "हे पहिल्या दिवशी का नाही पाठवलंत?" अर्जात चित्र जोडायला जागाच नाही, हे मी त्यांना सांगितलं. ते गप्प राहिले. त्याच संध्याकाळी दोन्ही पोर्ट एका व्हीएलॅनमध्ये (नेटवर्कच्या वेगळ्या काढलेल्या भागात) आले आणि मर्यादा वीस मॅक ॲड्रेसपर्यंत गेली.

पत्ते मागताना दहा ब्लेड असले तरी सोळा खणांचे सलग सोळा मागा. सीएमसीमध्ये क्विक डिप्लॉय म्हणून सोय आहे. तिला पहिला आयपी दिला की ती खणाच्या क्रमानं पुढचे पत्ते आयड्रॅकना वाटत जाते. मधला पत्ता दुसऱ्या कुणाचा असेल तर सगळी मांडणी बिघडते.

आणखी एक, हे आधीच सांगायला हवं होतं. प्रत्येक सीएमसीवर शेजारीशेजारी दोन पोर्ट असतात, एकावर जीबी लिहिलेलं, दुसऱ्यावर एसटीके. नेटवर्कची केबल फक्त जीबीमध्ये. एसटीके एका चॅसिसवरून दुसऱ्या चॅसिसला साखळी करण्यासाठी आहे, अशी चार जोडता येतात. जास्तीची सोय म्हणून दोन्ही पोर्ट एकाच नेटवर्कला जोडले तर ब्रॉडकास्टचं वादळ उठू शकतं, म्हणजे तेच संदेश गोल फिरत राहून नेटवर्क गुदमरतं. मग हेड ऑफिस तुमचा एक पोर्ट बंद करून थांबणार नाही.

वीजपुरवठे सहा नसून चार असतील तर ओळीनं १ ते ४ बसवू नका. खण १ ते ३ विजेच्या एका वाहिनीचे आणि ४ ते ६ दुसरीचे. म्हणून १, २ आणि ४, ५. आम्ही एक वाहिनी यूपीएसवर आणि दुसरी जनरेटरच्या पॅनेलवर ठेवली आहे. आणि ब्लेडचं बटण दाबूनही तो उठला नाही तर लगेच बिघडला समजू नका. चालू होण्याआधी प्रत्येक ब्लेड सीएमसीकडे वीज मागतो. शिल्लक नसेल तर सीएमसी नकार देतो आणि तशी नोंद लॉगमध्ये करतो. आधी लॉग वाचा.

फर्मवेअर अपडेट करताना सगळे पंखे पूर्ण वेगानं सुटतात. काका धावत आले होते. घाबरायचं कारण नाही, कंट्रोलर पुन्हा उभा राहिला की ते खाली येतात. नेटवर्कनं दगा दिलाच तर सिरियल केबल हाताशी ठेवा: नल मोडेम, ११५२००, ८ बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट. मी ती रॅकच्या दारालाच बांधून ठेवली आहे.

हे सगळं व्हीपीएनच्या (बाहेरून कंपनीच्या नेटवर्कमध्ये यायच्या सुरक्षित वाटेच्या) आत ठेवा, इंटरनेटवर उघडं कधीच नाही. सर्व्हर दुरून सांभाळायचा आयपीएमआय २.० हा प्रोटोकॉल वापरला तर लॉगिनच्या देवाणघेवाणीतच पासवर्डचा हॅश (पासवर्डवरून काढलेला सांकेतिक ठसा) समोरच्याला मिळतो. तो दोष त्या प्रोटोकॉलच्या रचनेतला आहे, अपडेटनं जात नाही. मी आयपीएमआय बंदच केलं आणि रूट-कॅल्विन त्याच दिवशी बदललं.

स्थलांतर अखेर आम्ही दोन रविवारांत विभागून केलं. पुढच्याच महिन्यात, परतीच्या पावसात, रात्री अकराच्या सुमाराला कुंडईची वीज गेली. विजा इतक्या कडाडत होत्या की फेरीवर जायचा विचारही नव्हता. जनरेटर सुरू झाला, पण सर्व्हर रूमचा एसी उठला नाही. मी दिवाडीला स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून सीएमसीवर तापमान चढताना बघत होते: एकोणतीस, एकतीस, तेहतीस. पस्तिसाला मर्यादा संपते. आठ ब्लेड एकेक करून रीतसर बंद केले, हिशेबाचा आणि वजनकाट्याचा असे दोनच चालू ठेवले. काकांना फोन केला. ते कुंडईतच राहतात, छत्री घेऊन गेले आणि एसीचा ट्रिप झालेला ब्रेकर वर केला. तापमान अठ्ठावीसला आल्यावर मी बाकीचे आठ पुन्हा सुरू केले. तेव्हा पावणेदोन वाजले होते.

ते चित्र मी नीट पट्टीनं काढून ठेवलं आहे. पुढच्या अर्जाला, जागा असो वा नसो, ते पहिल्याच पानामागे टाचून जाईल.