दोन चित्रांच्या मधली गारपीट

एप्रिल महिना. औसा तालुक्यातल्या एका शिवारात आम्ही जमिनीचं तापमान मोजत होतो. उपग्रहाच्या अवरक्त, म्हणजे उष्णता टिपणाऱ्या, सेन्सरचे आकडे ताडून पाहायला नांगरलेलं, उघडं, तापलेलं काळं रान लागतं. दुपारपर्यंत काम सुरळीत चाललं. मग पश्चिमेकडून आभाळ भरून आलं आणि बघता बघता आवळ्याएवढ्या गारा कोसळल्या. ज्यांचं ते रान, त्या काकांच्या गोठ्यात आम्ही शिरलो. वर पत्र्याचा इतका आवाज, की शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना. समोर गावरान आंब्याखाली कैऱ्यांचा सडा पडत होता आणि काका नुसते बघत उभे होते.

पाऊस ओसरल्यावर मोबाइलवर उपग्रहाची चित्रं काढली. इन्सॅट या भारताच्या मालिकेतले दोन हवामान उपग्रह आळीपाळीने टिपतात, तेव्हा कुठे पंधरा मिनिटांनी नवं चित्र मिळतं. एका चित्रात जेमतेम एक थंड ठिपका, पुढच्यात तालुकाभर पसरलेला ढग. गारा पडल्या त्या मधल्या वेळात! शिवाय अवरक्त चित्राचा एक ठिपका म्हणजे चार किलोमीटर लांब-रुंद, जवळपास चार हजार एकर. त्यात काकांचं वावर कुठे शोधायचं? विषुववृत्तावरून तिरकं पाहिल्यामुळे चौदा किलोमीटर उंचीचा ढगमाथा पाच-साडेपाच किलोमीटर उत्तरेला सरकलेला दिसतो, ते वेगळंच. नकाशावर गारपीट शेजारच्या गावात होती.

काकांनी विचारलं, "सायब, ही इज वरून दिसती का?"

आपल्या भूस्थिर, म्हणजे विषुववृत्तावर एकाच जागी राहून पाहणाऱ्या, उपग्रहांवर वीज टिपणारा सेन्सर अजून नाही. अमेरिका आणि चीनने २०१६ मध्ये तो वर पाठवला, युरोपने २०२२ मध्ये. काम अवघड आहे, कारण दिवसा उन्हाने उजळलेल्या ढगावर वीज उठूनच दिसत नाही. म्हणून ७७७.४ नॅनोमीटरजवळचा, विजेने तापलेल्या ऑक्सिजनचा प्रकाश तेवढा अरुंद फिल्टरमधून आत घ्यायचा, सेकंदाला सुमारे ५०० फ्रेम टिपायच्या आणि प्रत्येकीतून ढगाचा उजेड वजा करायचा.

काकांना मी एवढंच सांगितलं, की दिसू शकते, आणि तिचा उपयोग आहे. गारांआधी पुष्कळदा विजांची संख्या एकदम उसळते. ती उसळी मिनिटा-दोन मिनिटांत कळली, तर निदान माणसं आणि जनावरं झाडाखालून हलवता येतील.

परतल्यावर अहवालात तापमानाच्या तक्त्याआधी मी हेच लिहिलं: मराठवाड्यासाठी ठिपका बारीक करायचा तेव्हा करू, आधी वीज टिपणारा सेन्सर हवा.