हलगी, गिटार आणि श्रोत्यांची जागा

कोल्हापुरात हलगी आणि रॉकची गिटार एकत्र वाजवणारा, माझ्या ओळखीच्या मुलांचा एक बँड आहे. ते वाजवतात चांगले, पण त्यांच्या कार्यक्रमाला दर वेळी तीच ती तोंडे दिसतात. 'लोकांना सरमिसळ आवडत नाही' हे त्यावरचे ठरलेले उत्तर मला पटत नाही. ज्या गावात गणपतीच्या मिरवणुकीत एकाच ट्रॉलीवरून भक्तिगीत, लावणी आणि डीजेचा ठेका लागोपाठ वाजतो, त्या गावाला सरमिसळीचे वावडे कसे असेल?

माझ्या मते अडचण आवडीची नसून जागेची आहे. आपल्याकडे श्रोता आधी ठिकाण निवडतो आणि मग संगीत ऐकतो. ख्यालाचा रसिक १८८३ पासून चालत आलेल्या देवल क्लबची वाट धरतो, तर खासबागेत हलगी कडाडली की अंगावर काटा येतो, कारण समोर कुस्ती लागलेली असते. या बँडचे असे हक्काचे मैदानच नाही. गॅदरिंगवाल्यांना सिनेमाची गाणी हवी असतात, मंडळांना नाचता येईल असा ठेका हवा असतो, आणि रॉकच्या श्रोत्यांना हलगी ही दोन मिनिटांची गंमत वाटते.

वाद्येसुद्धा जागा मागतात. हलगीचे कातडे शेकून ताणावे लागते आणि दमट हवेत ते पुन्हा सैलावते. मैदानात कागद-पाचोळा पेटवून काम भागते. बंद सभागृहात जाळ करू देणार कोण? मग दुसऱ्या गाण्यापर्यंत हलगी बसते, गिटार तिच्यावर चढते, आणि ज्या मिश्रणाची जाहिरात केली तेच नेमके ऐकू येत नाही.

ही रड केवळ आपल्याकडची नाही. लॉस एंजेलिसमध्ये १९७९ साली जमलेल्या फिशबोन या कृष्णवर्णीय बँडने स्का, पंक, फंक आणि मेटल हे चार वेगवेगळे संगीतप्रकार एकत्र आणले. मोठी रेकॉर्ड कंपनी मिळाली, समकालीन वादकांनी वाखाणले. पण अमेरिकन रेडिओचे कप्पे ठरलेले असल्याने त्यांना धड रॉकच्या स्टेशनवर थारा मिळाला नाही, धड कृष्णवर्णीय श्रोत्यांच्या. त्यांचा प्रभाव मान्य करणारा नो डाउट हा बँड मात्र नव्वदच्या दशकात जगभर गाजला.

याउलट दिल्लीच्या ब्लडीवुड या बँडने ढोल घेतला तरी एक पाय मेटलमध्ये घट्ट रोवला, आणि २०१९ साली जर्मनीच्या वाकेन या मेटलच्या महोत्सवात त्यांना तयार श्रोता मिळाला. दिल्लीच्याच इंडियन ओशन या बँडने १९९० पासून चिकाटीने स्वतःचा श्रोता घडवला, हे खरेच. तरी 'ब्लॅक फ्रायडे' चित्रपटाच्या संगीताने त्यांना जे लोक मिळवून दिले, ते एरवी रॉकच्या वाटेला गेले नसते.

म्हणून गिटारच्या जागी हलगी नेण्यापेक्षा हलगीच्या जागी गिटार न्यावी, एखाद्या तालमीच्या शिवजयंतीत वाजवावे, असे मी या मुलांना सुचवले. हलगीवाला लगेच तयार झाला. गिटारवाल्याचे म्हणणे, "तिथे आमचा संथ आलाप कोण ऐकून घेणार, दादा?" त्याची शंका रास्त आहे. पण गॅदरिंगमध्ये तरी तो आलाप कोण ऐकून घेते?