सात घरांची घंटा

हीरक महोत्सवासाठी शाळेनं जुनी कागदपत्रं चाळायला काढली, त्यात पगारपत्रकांचं एक जाड बाड निघालं. फडक्यात बांधलेलं, कडा वाळवीनं खाल्लेल्या. मी गेलो होतो देणगीची पावती घ्यायला. क्लार्कनी बाड माझ्यापुढं सरकवलं, "तुमच्या वडलांचं बघा."

जून १९६५, शाळेचा पहिला महिना. अण्णांच्या नावापुढं रेव्हेन्यू तिकिटावर निळा अंगठा. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर, अंगठाच. ऑक्टोबरातही तेच. आणि नोव्हेंबरात तिकिटाच्या दोन्ही बाजूंना सांडलेली, पहिलीतल्या पोरानं काढावी तशी सही.

सही अण्णांची, पण वळण आईचं. पोट फुगलेला आणि शेवटच्या काठीला खाली शेपूट सोडलेला 'ण' आमच्या घरात एकच माणूस काढायचं. मला मनोगत लिहायला सांगितलं ते माजी विद्यार्थी म्हणून. शाळा, गुरुजी, प्रार्थना, सहल यांवर बाकीचे लिहितीलच. मी आईवर लिहितो. ती २०२४ च्या श्रावणात, ब्याण्णवाव्या वर्षी गेली. शाळेच्या कुठल्याच पटावर तिचं नाव नाही.

ब्याण्णव हा हिशेबही तिचाच. स्वतंत्रपूर वसलं तेव्हा मी सात वर्षांची होते, एवढंच ती सांगायची. आटपाडीजवळची ती कैद्यांची उघडी वसाहत १९३९ ची. भिंत नाही, दार नाही आणि माणसं शेती करतात, हे बघायला ती वडलांच्या खांद्यावर बसून गेली होती. सात वर्षांची घोडी खांद्यावर कशी, असं विचारलं की म्हणायची, "पायात काटा मोडला हुता." माझं बरं, गुरुजींनी माझी जन्मतारीख १ जून टाकली आणि वाद मिटवला. माझ्या वर्गातली निम्मी पोरं १ जूनलाच जन्मली.

तिचं माहेर औंध संस्थानातलं. आमच्या भागातल्या तिच्या वयाच्या बायकांत अक्षरओळख असलेल्या हाताच्या बोटांवर मोजाव्यात, त्यात ती एक, कारण पंतप्रतिनिधींच्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं होतं. ती चौथी झाली. सूर्यनमस्कारही तिथलेच. राजेसाहेबांना त्याचं भारी वेड, सगळ्या शाळांतून घालून घ्यायचे. लग्न होऊन आल्यावरही ही बाई पहाटे परड्यात, नऊवारीचा काष्टा खोचून, बारा नमस्कार घालायची. आज्जी म्हणायची, सून आणली का पैलवान आणला. लग्न १९४८ चं, संस्थान विलीन झालं त्याच साली. ती गमतीनं सांगायची, माझं माहेर जागचं हललं नाही, पण आधी औंध, मग दक्षिण सातारा, मग सांगली. पत्ता तेवढा बदलत गेला.

अण्णा तसे शाळेची पायरी न चढलेले. मेंढरं राखली, दुसऱ्याच्या मळ्यात मोट धरली. १९६५ ला गावात हायस्कूल निघालं आणि पडेल ते काम करणारा गडी म्हणून त्यांना शिपाई घेतलं. काम सोपं. झाडलोट, पाणी, नोटीस फिरवणं आणि घंटा. घंटा म्हणजे लिंबाला टांगलेला रुळाचा तुकडा. पण घंटा द्यायची ऑफिसातल्या घड्याळावर, आणि अण्णांना घड्याळ कळत नव्हतं. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. पहिले काही दिवस लिंबाची सावली बघून दिली. आषाढात आभाळ आलं, सावली गेली.

थोरली अक्का तेव्हा तेरा-चौदा वर्षांची. तिनं पाहिलेलं ती सांगते. रात्री जेवणं झाल्यावर आई परातीत ज्वारीचं पीठ पसरायची, हातानं सारखं करायची, त्यावर वाडगं पालथं दाबून गोल उठवायची. बोटानं बारा खुणा. आख्खी काडी मोठा काटा, अर्धी मोडलेली छोटा. अण्णा परातीपुढं मांडी घालून.

तास पस्तीस मिनिटांचा. मिनिटाच्या नादाला तिनं त्यांना लावलंच नाही. एका खुणेपासून दुसरीपर्यंत एक घर. "आवं, मोठा काटा सात घरं चालला की टोल द्यायचा. बास." अकराला शाळा भरली, काटा बाराच्या घरात. सात घरं मोजली की सातावर. तिथून सात मोजली की दोनावर. मग नवावर. अण्णांनी मेंढरं मोजण्यात हयात घालवलेली, घरं मोजायला त्यांना काय अवघड? फक्त ज्या घरात काटा उभा आहे तेही मोजायची त्यांना खोड. एकदा त्यापायी गणिताचा तास पाच मिनिटं आधी संपला आणि पोरांनी शिपाईमामांचा जयजयकार केला म्हणतात.

घड्याळ आलं तसं त्याच परातीत नाव आलं. ती एक अक्षर बोटानं काढायची, अण्णा वरून गिरवायचे, मग परात हलवून पाटी कोरी. दिवाळीपर्यंत हे चाललं. पीठ वाया घालवायची ऐपत नव्हती, सकाळी त्याच्याच भाकरी. अक्का म्हणते, अण्णांनी तीन महिने स्वतःचं नाव खाल्लं तेव्हा कुठं त्यांना सही आली. पुढं मलाही घड्याळ परातीतच आलं. तिसरीच्या पुस्तकात मिनिटं निघाली तेव्हा मी घरं सांगितली आणि गुरुजींचा मार खाल्ला.

शाळेच्या मागं आम्हाला एक खोली होती. वाड्यावस्त्यांवरून पाच-सहा मैल चालत येणारी पोरं भाकरीची गठुडी आईकडं ठेवायची. कुणाची नुसती चटणी असेल तर त्यावर कोरड्यास पडायचं, विचारपूस न करता. आणि मुली. पहिल्या काही वर्षांत वर्गात चार-दोनच असायच्या, शाळेत बाईमाणूस शिक्षक नाही. अडचण आली की त्या सरळ आमच्या खोलीत यायच्या. आई कडी लावून घ्यायची आणि मला बाहेर पिटाळायची. मला वाटायचं, आत खाऊ वाटतात. त्यांतल्या एक ताई पुढं शिक्षिका झाल्या. आईच्या दहाव्याला आल्या होत्या. त्या म्हणाल्या, ती खोली नसती तर माझी शाळा सातवीतच सुटली असती.

बहात्तरच्या दुष्काळावर पानंच्या पानं लिहिता येतील, पण थोडक्यात सांगतो. मी सहावीत होतो. अण्णांचा पगार होता, तरी घरात खाणारी तोंडं सात, म्हणून आई खडी फोडायला गेली. रेशनवर लाल मिलो ज्वारी, कामावर खायला सुखडी. तिथं आठवड्याच्या हजेरीवर सगळ्यांचे अंगठे घेत होते. हिनं सही केली, आणि करण्याआधी वाचलं. सहा दिवस भरलेल्या बायकांचे पाच मांडले होते. तिनं मुकादमाला एवढंच विचारलं, "दादा, बुधवार कुठं गेला?" बुधवार सापडला. पुढच्या आठवड्यापासून बायका तिच्याकडून वाचून घेतल्याशिवाय अंगठा देईनात.

मार्च १९७७ ला मी दहावी झालो आणि आमच्याकडच्या शेकडो पोरांसारखा गलाईच्या धंद्यात गेलो. मामाबरोबर कोइमतूरला. सोनारांकडची झाडलोटीची माती, जुनं मोडीचं सोनं घ्यायचं, मुशीत आटवायचं, तेजाबात धुवून चोख करायचं. भट्टीपुढं बसून पहिलं वर्ष मी रडलोच. तमिळ येईना, भाकरी मिळेना. महिन्याला एक निळं इनलँड यायचं, हाच आधार.

पत्र आई लिहायची, घडीच्या काठापर्यंत, स्वल्पविराम नाही की पूर्णविराम नाही. चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद, म्हस व्याली, पाऊस नाही, उत्तरेश्वराच्या जत्रेत मेंढरं स्वस्त गेली, तेजाब जपून हाताळणे. सगळ्यात खाली दोन बोटं जागा सोडलेली, आणि तिथं अण्णांची सही. तीच, मोठी, घडीवर चढलेली. पत्रात त्यांचं एक अक्षर नसायचं, तरी सही बघितली की वाटायचं, दोघांनी लिहिलंय.

अण्णा १९८६ ला निवृत्त झाले. २००१ ला गेले. त्रेपन्न वर्षांचा संसार, आणि ती त्यांच्याशी भांडलेली मी ऐकलेली नाही, असं लिहिलं तर ते खोटं होईल. रोज भांडायची. विषय एकच, तुम्ही जेवायला वेळेवर येत नाही. ज्याच्या घंटेवर गाव चालायचं तो माणूस घरी कायम उशिरा.

त्यानंतर ती तेवीस वर्षं राहिली. कोइमतूरला दोनदा आली, दोन्ही वेळा पंधरवड्यात परत. ऐंशी ओलांडल्यावर टेंभू योजनेतून कृष्णेचं पाणी आमच्या शिवारात आलं, तेव्हा मला पाटावर न्यायला लावलं. काठी बाजूला ठेवून काठावर बसली, पाय सोडले. कृष्णेला म्हणाली, "आत्ता आलीस व्हय गं." बराच वेळ तशीच बसली. परत येताना म्हणाली, पाणी थंड आहे.

तिची पत्रं माझ्याकडं एका बिस्किटाच्या डब्यात आहेत. शेवटचं अण्णांच्या तेराव्यानंतर महिनाभरानं आलेलं. तोवर शेजारी फोन आला होता, पण ती म्हणायची फोनवर सगळ्या गल्लीला ऐकू जातं. पत्र नेहमीसारखंच काठोकाठ. कोण कोण भेटून गेलं, म्हशीला कुणी पेंड घातली, तेजाब जपून. खाली दोन बोटं जागा कोरी.