डब्यातले वाटाणे

26 जुलै 2005 ला आमचे हे अंधेरीहून दादरपर्यंत पाण्यातून चालत आले. सांताक्रूझला त्या दिवशी 944 मिलिमीटर पाऊस झाला होता. तेव्हापासून दर जुलैत यांना साठा करायची उबळ येते. यंदा क्रॉफर्ड मार्केटातून तीन डबे आले: काबुली चणे, वाटाणे आणि सोललेले टोमॅटो.

"डब्यातल्या भाजीत कसलं सत्त्व!" सासूबाई म्हणाल्या.

म्हटलं, बघूच. दिवाळीच्या फराळासाठी घेतलेला वजनकाटा काढला. चण्यांच्या डब्यावर निव्वळ वजन 400 ग्रॅम. रोळीत ओतून निथळू दिले तर चणे भरले 238. बाकी सगळं बुळबुळीत पाणी. शंभरेक ग्रॅम सुके चणे भिजवून शिजवले की जवळपास तेवढेच होतात. प्रथिनं तीच, फायबर तेच. मग जास्तीचे पैसे कशाचे, तर रात्री भिजत घालायला विसरल्याचे.

वाटाण्यांनी मात्र बनवलं. डब्यावर हिरव्यागार शेंगांचं चित्र. चष्मा लावून मागची बारीक अक्षरं वाचली: सुकवलेले वाटाणे, पाणी, मीठ, साखर, रंग. म्हणजे आमच्या फळीवरच्या बरणीत आहेत तेच कडधान्याचे वाटाणे, भिजवून आणि रंगवून!

आईंना काय आनंद झाला. पण त्यांना मी पूर्ण जिंकू दिलं नाही. डबा बंद करून 120 अंशांच्या आसपास तापवतात, त्यात सी जीवनसत्त्वाची वाट लागते, हे कबूल. कोवळे, ताजे वाटाणे भरले तरी 100 ग्रॅममागच्या 40 मिलिग्रॅममधलं दहाएक उरतं. फ्रोझन त्या मानाने बरे, ते उकळत्या पाण्यातून काढून गोठवतात, एवढंच. पण आपली ताजी भाजी तरी कितीशी ताजी? शेतातून वाशीचं मार्केट, तिथून दादर, मग आमच्या फ्रिजात तीन दिवस, आणि शेवटी आईंच्या कुकरच्या तीन शिट्ट्या. सी तिथेही कुठे तग धरतंय? फायबर, लोह, गाजरातलं कॅरोटीन ही चिवट मंडळी, डब्यातही बरीचशी टिकतात. टोमॅटोचं तर उलटंच आहे. त्यातलं लायकोपीन, म्हणजे लाल रंग देणारं द्रव्य, शिजवल्यावर, थोडं तेल असेल तर, अंगी जास्त लागतं.

गोची आहे ती मिठाची. वाटाण्यांच्या डब्यावर 100 ग्रॅमला 290 मिलिग्रॅम सोडियम. अडीचने गुणलं की मीठ निघतं, म्हणजे पाऊण ग्रॅमच्या जवळ. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला 5 ग्रॅमच्या आत राहा म्हणते. आईंना बीपी. त्यात दुपारी ताटात लोणचं, रात्री पापड. ते सुटणार नाही हे मी सोळा वर्षांत शिकले आहे. म्हणून वाटाणे निथळून वाहत्या नळाखाली खळखळून धुतले. असं केल्याने कडधान्याच्या डब्यातलं सोडियम चाळीसेक टक्क्यांनी उतरतं. पाण्यात विरघळणारी थोडी बी जीवनसत्त्वंही मोरीत जातात, जाऊ देत. उसळीत मीठ घातलंच नाही.

सिंकमध्ये पोपटी पाणी वाहताना आई मागून डोकावल्या. "मीठ जातंय की रंग?"

टोमॅटोचा डबा अजून फळीवर आहे. डब्यात अन्न टिकवायची युक्ती 1810 च्या सुमाराची, पण डबा उघडायचं यंत्र यायला पुढे जवळपास पन्नास वर्षं लागली म्हणे. आमच्याकडचं गंजलंय. चण्यांच्या वेळी माझा अंगठा कापला, वाटाणे यांनी स्क्रू ड्रायव्हरने उघडले. टोमॅटो रविवारी, नवा ओपनर आणला तर.