सत्तावन्न नंबरची प्रत

भाचीला बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला हॅलिडे-रेस्निकचं भौतिकशास्त्राचं पुस्तक लागणार म्हटल्यावर मी बसल्या जागेवरून जाहीर केलं, "विकत कशाला? माझं आहे की माळ्यावर!" आमच्या माळ्यावर गेलेली वस्तू हरवत नाही आणि सापडतही नाही. तरी स्टुलावर चढून, आकाशकंदील आणि जुना मिक्सर बाजूला सारून, दोन्ही भाग खाली काढलेच. तिसरी आवृत्ती, सत्तरच्या दशकाच्या अखेरची. मी ती ऐंशीच्या दशकात पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातून सेकंडहँडच घेतली होती. खाकी कव्हर अजून शाबूत, आतून मात्र कसर लागलेली.

भाचीनं दोन बोटांत धरून पान उलटलं. "मामा, हे नाही चालायचं. सरांनी दहावी आवृत्ती सांगितलीय."

"का? न्यूटननं मधल्या काळात चौथा नियम काढला काय?"

न्यूटननं काही काढला नव्हता. उतरणीवरचा ठोकळा माझ्या पुस्तकात ज्या घर्षणानं अडतो, त्याच घर्षणानं तिच्याही पुस्तकात अडतो. अडचण होती ती गणितांच्या क्रमांकांची. सर वर्गात फक्त "सहाव्या प्रकरणातलं एकतीस" एवढंच सांगतात, आणि माझ्या पुस्तकात एकतीसवर भलतंच काहीतरी. एकूणच पाठ्यपुस्तकांच्या नव्या आवृत्त्या निघण्यामागे निम्मं कारण ही क्रमांकांची अदलाबदल असावी, असा माझा जुना संशय आहे. तो सिद्ध करता येत नाही, पण पैसे मोजताना दरवेळी आठवतो.

त्यात माझ्या प्रतीत मधूनमधून फूट, पौंड आणि 'स्लग' भेटतात. स्लग हे ब्रिटिश पद्धतीतलं वस्तुमानाचं एकक, सुमारे १४.५९ किलोचं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी शब्दकोश उघडला होता आणि तिथे निघाली शंख नसलेली गोगलगाय. पुढे कितीतरी दिवस कप्पीवरून दोन गोगलगायी लोंबकळताना दिसत.

शेवटी चौकात जाऊन दहावी आवृत्ती आणली. तीही सेकंडहँडच. नवी कोरी घ्यायची तर तेवढ्यात घरचा महिन्याचा किराणा आला असता.

खरं सांगायचं तर नवं पुस्तक वाचायला जास्त मजेदार आहे. १९६० साली पहिल्यांदा निघालेलं हे पुस्तक १९९० पासून जर्ल वॉकर यांच्या हाती आलं. हे गृहस्थ वर्गात ओली बोटं वितळलेल्या शिशात बुडवून दाखवायचे. बोटावरच्या पाण्याची झटकन वाफ होते आणि क्षणभर तिचाच थर बोट वाचवतो. भाचीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे आईचा तवा!" मला आधी कळेना. मग तिनं बिडाचा तवा तापत ठेवला आणि आंबोळी घालायच्या आधी ताई शिंपडते तसं पाणी शिंपडलं. आधी थेंब चर्र करून विरले. तवा आणखी तापला तसे ते गोळीसारखे गोल होऊन पळायला लागले, विरेनातच. तापलेल्या तव्यावर थेंब जास्त वेळ टिकतो, कारण तो तव्याला टेकलेलाच नसतो, आपल्याच वाफेवर तरंगत असतो. माझी आवृत्ती हातात घेऊन मी कधी स्वयंपाकघरात गेल्याचं आठवत नाही.

रात्री दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून आम्ही पहिलंच प्रकरण उघडलं, मोजमापाचं. माझ्या पुस्तकात मीटर म्हणजे क्रिप्टॉन-८६ या वायूच्या नारिंगी प्रकाशाच्या १६,५०,७६३.७३ तरंगलांब्या. तिच्या पुस्तकात, प्रकाश पोकळीतून एका सेकंदाच्या २९,९७,९२,४५८ व्या भागात जेवढा जातो तेवढं अंतर. हा बदल १९८३ चा. "बघ, तुझं जुनं झालं," भाची म्हणाली. मी मान्य केलं.

मग किलोग्रॅम आला. माझ्याकडे पॅरिसजवळचा प्लॅटिनम-इरिडियमचा दंडगोल. तिच्याकडेही तोच. तिला आश्चर्य वाटलं, मला आनंद झाला. त्या दंडगोलाच्याही प्रती काढून देशोदेशी वाटलेल्या आहेत, आपली दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत आहे, तिचा नंबर ५७. पण शंभरेक वर्षांत मूळ दंडगोल आणि त्याच्या प्रती यांच्यात सुमारे ५० मायक्रोग्रॅमचा फरक पडला. मूळ झिजलं की प्रती जड झाल्या, हे ठरवणार कसं? किलो म्हणजेच तो दंडगोल, त्यामुळे व्याख्येनं तो चुकूच शकत नव्हता. अखेर २० मे २०१९ पासून त्याला निवृत्त केलं आणि किलो प्लांकच्या स्थिरांकाला, म्हणजे निसर्गातल्या एका न बदलणाऱ्या आकड्याला, बांधला.

"पण माझं दहावं कधीचं?"

"दोन हजार तेराचं."

ती थोडा वेळ गप्प बसली. मग पेन्सिल घेऊन तिनं आपल्या पुस्तकातल्या दंडगोलावर बारीक फुली मारली आणि समासात तारीख लिहिली. नंतर माझं पुस्तक पुढ्यात ओढलं. उभ्या जन्मात मी त्या पुस्तकात एक रेघ मारलेली नाही, हे मी सांगेपर्यंत तिथेही फुली पडली होती. पेनानं.