सलूनमध्ये नुसतं बीपी मोजून भागत नाही

कम्युनिटी हेल्थला पैसे द्यायचे म्हटलं की बहुतेक वेळा एक शिबिर होतं, बॅनर लागतो, पत्रकं वाटतात, बीपी मोजतात आणि "जरा डॉक्टरांना दाखवून घ्या हं" म्हणून माणसाला वाटेला लावतात. गणपतीत मंडळाच्या मांडवात पण हेच. मला हे आता खरंच बघवत नाही, कारण यापेक्षा चांगलं काय ते लॉस एंजेलिसच्या सलूनमध्ये करून दाखवलंय.

अमेरिकेत कृष्णवर्णीय पुरुषांना बीपीचा त्रास गोऱ्यांपेक्षा जास्त आणि त्यातून होणारे मृत्यूही जास्त. त्यात डॉक्टरकडे जायला मन घेत नाही आणि त्याला कारण आहे, अलाबामा राज्यातल्या टस्कीगीला १९३२ ते १९७२, तब्बल ४० वर्षं, सिफिलिस झालेल्या कृष्णवर्णीय माणसांना सरकारी डॉक्टरांनी उपचार न देता नुसतं बघत ठेवलं होतं, पेनिसिलिन आल्यावरसुद्धा! विश्वास कुठून येणार? पण नेहमीच्या सलूनवाल्यावर विश्वास असतो, वर्षानुवर्षं त्याच्याकडेच जातात.

म्हणून हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रोनाल्ड व्हिक्टर यांच्या टीमने ५२ सलूनमधले ३१९ गिऱ्हाईक घेतले, सगळ्यांचा वरचा आकडा सरासरी दीडशेच्या वर. जवळपास अर्ध्या सलूनमध्ये केस कापणाऱ्याने फक्त सांगायचं, मीठ कमी करा, डॉक्टरकडे जा. बाकीच्यांमध्ये फार्मासिस्ट स्वतः यायचा, तिथेच बीपी बघायचा, डॉक्टरांशी आधीच ठरलेल्या पद्धतीने तिथेच औषध लिहून द्यायचा, लागलं तर बदलायचा, औषध सोसतंय ना म्हणून रक्तही तपासायचा. ६ महिन्यांनी सल्लावाल्या गटात वरचा आकडा ९ ने उतरला आणि फार्मासिस्टवाल्या गटात २७ ने! बीपी १३०/८० च्या खाली आलेले फार्मासिस्टवाल्या गटात ६३.६ टक्के, सल्लावाल्या गटात ११.७. वर्षाने बघितलं तरी फरक टिकून होता. २०१८ साली हे छापून आलं.

म्हणजे आपलं शिबिर म्हणजे तो ९ वाला गट, आणि तिथे निदान ओळखीचा माणूस पुन्हा पुन्हा सांगत तरी होता.

आता पैशाचं. सलूनची जागा, ओळख, विश्वास हे सगळं वस्तीकडे आधीपासून असतं, खर्च येतो तो फार्मासिस्टच्या पगाराचा, त्याच्या गाडीच्या पेट्रोलचा, एका सलूनमधून दुसऱ्यात जाण्यात जाणाऱ्या वेळेचा, आणि ग्रँटमध्ये नेमकी यालाच कात्री लागते. सीडीसी म्हणजे अमेरिकी सरकारची सार्वजनिक आरोग्य संस्था, तिचा रीच प्रोग्राम १९९९ पासून स्थानिक संस्थांना आणि आदिवासी जमातींना अशा कामासाठी पैसे देत आलाय, ते चांगलंच आहे, पण बीपी काही ग्रँटची मुदत बघून थांबत नाही, गोळी आयुष्यभर घ्यायची असते. त्यामुळे अशा कार्यक्रमाला पैसे देणाऱ्या प्रत्येकाला माझी कळकळीची विनंती आहे, यंत्रं आणि पत्रकं नंतर बघू, आधी त्या माणसाचा पगार लिहा आणि ग्रँट संपल्यावर तो कोण देणार हे पहिल्याच दिवशी ठरवा, विमा कंपनी की मेडिकेड (तिकडचा गरिबांसाठीचा सरकारी विमा) की काउंटी (तिकडचं जिल्हा प्रशासन).