डावा स्पीकर कधी जातो

मंगळवार, रात्री

स्पीकर दुकानातून परत आले. तासभर लावून ठेवले, ठणठणीत आहेत, असं सांगितलं आणि वर, आता नवीनच घ्या, असा सल्लाही मिळाला. त्या माणसाचं मला काही वावगं वाटलं नाही. येऊन-जाऊन होणारा बिघाड धरायचा तर समोर बसून त्याची वाट बघावी लागते. काउंटरवर गिऱ्हाइकं खोळंबलेली असताना ते कुणाला जमणार? घरात वेळ आहे, आणि बिघाडही घरातच दिसतो.

जोडी साधी आहे. उजव्या पेटीत पॉवर सप्लाय आणि अँप्लिफायर, डावीत नुसते स्पीकर, मध्ये एक वायर. तक्रारी दोन. सकाळी सुरूच होत नाही, दिवा लुकलुकत राहतो. आणि संध्याकाळी अभंग ऐन रंगात आले की डावी बाजू गप्प होते, पेटीवर थाप मारली की परत बोलते. घरात सगळे म्हणतात, "स्पीकर बिघडलाय." माझ्या मते हे दोन वेगळे बिघाड आहेत.

आईला म्हटलं, "अगं, आता थाप मारू नकोस. डावा गेला की फक्त वेळ लिहून ठेव."

गुरुवार

पेटी उघडण्याआधी बाहेरचं सगळं तपासलं. भिंतीवरचं सॉकेट बदललं, फोनऐवजी लॅपटॉप लावला. मग मागच्या लाल-पांढऱ्या पिनांची अदलाबदल केली. बिघाड उजवीकडे सरकला असता, तर दोष केबलचा किंवा फोनचा ठरला असता. तरी गेली ती डावीच. दोन पेट्यांमधली वायर नव्याने सोलून लावली, तरीही तेच. डाव्या पेटीच्या जागी जुन्या म्युझिक सिस्टिमचा स्पीकर जोडला, तर तोही तसाच गप्प झाला. म्हणजे दोष उजव्या पेटीच्या पोटात, अँप्लिफायरच्या डाव्या चॅनेलमध्ये. या कामाला एक स्क्रूड्रायव्हर पुरला.

शनिवार

आईने कालनिर्णयवर दुधाच्या हिशेबाच्या खाली वेळा लिहिल्यात. त्या वाचल्या आणि मला खरंच आनंद झाला. लुकलुकणं फक्त सकाळी, रात्रभर पाऊस पडून हवा गार झालेली असली की जास्तच. डावा जातो तो नेहमी बराच वेळ वाजल्यानंतर, आवाज मोठा असेल तर लवकर. एक बिघाड गारठ्याचा, दुसरा उष्णतेचा. मीटर हातात घेण्याआधी एवढं कळलं.

गार असताना अडतं आणि ऊब मिळाली की सुटतं, असं असलं की पहिला संशय इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटरवर, म्हणजे वीज साठवणाऱ्या, आत द्रव असलेल्या नळकांडीवर घ्यावा. त्यातलं द्रव वाळत गेलं की आतला रोध वाढतो, आणि गारठ्यात तो आणखी चढतो. सकाळी पेटीची मागची बाजू उघडी ठेवून, हात लांब ठेवून, हेअर ड्रायरची गरम हवा पॉवर सप्लायवर सोडली. दिवा लुकलुकायचा थांबला आणि रिले, म्हणजे आतला आपोआप चालणारा स्विच, टक्क वाजला!

मग प्लग काढला. इथे घाई अजिबात नको. २३० व्होल्टचा पुरवठा रेक्टिफाय झाला, म्हणजे एसीचा डीसी झाला, की मोठ्या कॅपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट डीसी साठतो, आणि प्लग काढल्यावरही तो तिथे बसून राहू शकतो. स्क्रूड्रायव्हर टेकवून ठिणगी पाडायची पद्धत मला मान्य नाही. रेझिस्टरमधून तो उतरवला, मीटरवर शून्य पाहिलं, तेव्हाच हात घातला.

दोषी निघाला तो पॉवर सप्लाय सांभाळणाऱ्या चिपशेजारचा, म्हणजे कंट्रोलर आयसीशेजारचा, ४७ मायक्रोफॅरडचा चिमुकला कॅपॅसिटर. फुगलेला नाही, गळालेला नाही. मीटरवर मायक्रोफॅरडचा आकडाही जवळपास बरोबर दिसत होता. पुण्यात इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार आहे त्या तापकीर गल्लीतून आणलेल्या कंपोनंट टेस्टरवर मात्र ईएसआर, म्हणजे तो आतला रोध, भलताच वाढलेला दिसला. नुसत्या डोळ्यांनी बघून "कंडेन्सर (म्हणजे कॅपॅसिटरच) चांगला आहे" म्हणू नये, ते यासाठी. नवीन लावताना १०५ अंशांचा घेतला, व्होल्टेज तेवढंच.

हा एवढ्यात का गेला, याचा हिशेब मांडला. १०५ अंशांना २,००० तास असं आयुष्य असलेला कॅपॅसिटर दर १० अंश कमी तापमानाला ढोबळमानाने दुप्पट टिकतो. आत ६५ अंश धरले तर ३२,००० तास होतात. ऐकायला पुष्कळ वाटतं. पण रिमोटने बंद केल्यावरही आमचा पॉवर सप्लाय आतून चालूच असतो, आणि वर्षाचे तास ८,७६०. म्हणजे पावणेचार वर्षंही नाहीत. आमची जोडी त्याहून बरीच जुनी आहे, तेव्हा त्या चिमुकल्याने इमानाने काम केलं म्हणायचं.

रविवार

आज उष्णतेचा बिघाड. अँप्लिफायरचा बोर्ड पॉवर सप्लायपासून वेगळा आहे, म्हणूनच तो चालू ठेवून तपासायचं धाडस केलं. दोन्ही एकाच बोर्डावर असते तर केलं नसतं. पॉवर सप्लायवर जाड प्लास्टिकचं झाकण ठेवलं, खिशात एक हात, दुसऱ्यात कोरडी लाकडी काडी. मोठ्या आवाजात वाजू दिलं. डावा गेला, तसं हलकेच टोचत गेलो. आयसीच्या एका पिनेपाशी काडी टेकली आणि आवाज परत आला.

बंद करून भिंगातून पाहिलं. त्या पिनेभोवती सोल्डरमध्ये, म्हणजे पीन बोर्डाला जोडणाऱ्या धातूच्या डाखात, केसाएवढी गोल चीर होती. यालाच कारागीर ड्राय सोल्डर म्हणतात. आयसी हीट सिंकला, म्हणजे त्याची उष्णता ओढून घेणाऱ्या ॲल्युमिनियमच्या तुकड्याला, स्क्रूने आवळलेला असतो; ते ॲल्युमिनियम तापून प्रसरण पावतं, निवलं की आकसतं, आणि ती ओढाताण पिनांच्या सोल्डरवर येते. जुनं सोल्डर ओढून काढलं, फ्लक्स, म्हणजे डाख नीट धरावा म्हणून लावायचं रसायन, लावून नवं भरलं. आधीचं बहुधा शिसेविरहित असावं, ते सुमारे २१७ अंशांना वितळतं. माझं ६३ टक्के कथील आणि ३७ टक्के शिसं असलेलं, १८३ अंशांचं. दोन्हींची सरमिसळ टाळायची म्हणून जागा आधी पूर्ण स्वच्छ केली. शेजारच्या पिनाही केल्या, पण दोषी पीन पक्की कळल्यानंतरच. सरसकट सगळीकडे सोल्डर फिरवलं की स्पीकर कदाचित चालतो, पण काय बिघडलं होतं ते कधीच कळत नाही, आणि पुन्हा बिघडला तर शोध पहिल्यापासून. मला हे फार महत्त्वाचं वाटतं.

संध्याकाळी आईने मुद्दाम मोठा आवाज ठेवला. स्वयंपाक होईपर्यंत डावा गेला नाही. आणखी काही दिवस कालनिर्णयवर लक्ष ठेवायला सांगितलंय. एका संध्याकाळवर विश्वास ठेवणार नाही.

पेटीच्या आत कागद चिकटवला: तारीख, कोणता कॅपॅसिटर, कोणती पीन. कपाटामागचा एक्स्टेन्शन बोर्ड पुढे ओढून आईच्या हाताला लागेल असा ठोकलाय. रात्री आता रिमोट नाही, बटणच बंद करायचं.